थापेवरची टपली

“अहो, हा आपल्या चौकातला घड्याळाचा टॉवर. पूर्वी याचे टोले एक माकड द्यायचं.” नातीने काढून आणलेला फोटो मी यांच्या हातात दिला.

यांना हल्ली विसरायला होतं, म्हणून मी रोज ओळखीच्या जागांचे फोटो दाखवते आणि प्रत्येकाला एक थाप जोडते. हे थाप पकडतात, “थापाडे!” म्हणत माझ्या डोक्यात टपली मारतात. त्या टपलीवर माझा दिवस जातो.

आज टपली आली नाही. “हो का? बिचारं माकड!” म्हणाले. पिठाच्या गिरणीवर हत्ती दळण घेऊन येतो, हेही त्यांना पटलं.

मी पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीचा फोटो पुढे केला. “इथे लग्नाआधी तुम्ही पहिल्यांदा माझा हात धरलात.” यात मी पदरचं अक्षरही घातलं नव्हतं.

हे फोटोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघून खुदकन हसले.

“काहीही थापा मारता हं, आजी!”

टपली मात्र मारली नाही. अनोळखी बाईच्या डोक्यात कोण टपली मारणार?