शेखरशेठची देणगी

मुरबाडच्या भजनी मंडळाने कीर्तनासाठी वाशिंदच्या शेखरशेठकडून माइक-स्पीकर घेतले, तर शेठने बिल फाडलं चक्क डॉलरात. "माल परदेशी हाय, ललिताकाकू. पैसे भरायचे रुपयातच, पण माल उचलाल त्या दिवशीच्या भावाने." मग डॉलर चढेपर्यंत त्याने माल अडवून ठेवला आणि मंडळाचे महाप्रसादाचे पैसे त्या चढ्या भावात गेले. मंडळ चालवणाऱ्या काकूंनी पदर पसरला, तरी शेठ पाघळला नाही.

सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला शेठ नव्या व्याह्यांना घेऊन पुढच्या रांगेत ऐटीत बसला. काकूंना म्हणाला, "महाप्रसादाला माझे अकराशे एक रुपये. जरा मोठ्यानं पुकारा गो काकू!"

काकूंनी पांडुरंगाला मनोमन हात जोडले आणि त्याच माइकवर खणखणीत आवाज लावला, "वाशिंदचे दानशूर शेखरशेठ यांच्याकडून महाप्रसादाला अकराशे एक डॉलर!" मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. व्याह्यांनी तर उठून शेठला मिठीच मारली.

काकू हळूच शेठच्या कानाशी वाकल्या.

"पैसे भरायचे रुपयातच हां शेठ, पण आजच्या भावाने."