कोणाची गं तू?

“साती? असं नाव पहिल्यांदाच ऐकतेय, ताई. अर्थ काय हो त्याचा?” बाळाच्या पेटीवर लावायच्या कार्डावर आईचं नाव लिहिता लिहिता नर्स पेलिनने विचारलं.

“विकलेली.”

पेलिन हसली आणि लगेच कार्डावर वाकली. ती इझमीरची. समुद्रकाठच्या शहरात असली नावं आता कोण ठेवतं?

काचेच्या पेटीत सातीची मुलगी निपचित पडली होती. दोन महिने आधीच आलेली. साती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची, आकडे तिला वाचता येत. सकाळपासून यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत होता. आधीची दोन बाळं पेटीपर्यंतही पोचली नव्हती.

सातीच्या आईची, गुलसुमची, पहिली तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथी झाली तेव्हा गुलसुमने तिला खिडकीतून बाहेर दिलं आणि बदल्यात मूठभर मीठ घेतलं. घेणारी शेजारची हाजेर. तिची सगळी लेकरं जगली होती. हाजेर बाळाला घेऊन दारातून आत आली आणि मोठ्याने म्हणाली, “ही माझी पोर. तुझ्याकडे ठेवतेय, नीट सांभाळ.” त्या दिवशी तिचं नाव साती पडलं. मरण त्या घराची वाट शिकलं होतं; पण आता तिथे नेण्यासारखं कोणी उरलं नव्हतं.

योझगातकडच्या खेड्यांत अशा साती पुष्कळ. पोर चालायला लागली की बाकीच्या आया हे सगळं विसरत. गुलसुम विसरली नाही. साती शाळेतून आली की ती उंबऱ्यात वाट अडवून उभी राहायची.

“कोणाची गं तू?”

“हाजेरकाकूची.”

मग गुलसुम तिच्या डोक्यावरून मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघायची. बराच वेळ. त्यानंतरच बाजूला व्हायची. सातीला पदवी मिळाली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “हाजेरची पोर हुशार निघाली.” लेक म्हणून तिने सातीला कधी हाक मारली नाही. लग्नातही नाही.

दुपारी गुलसुम आली. बुटांना बर्फ, हातात द्राक्षाच्या काकवीची बरणी. काचेजवळ न जाता ती लांबच उभी राहिली.

“आजी का तुम्ही?” पेलिनने विचारलं.

“छे गं बाई! शेजारीण मी. हाजेरच्या पोरीला बाळ झालंय म्हणून डोकावले.”

सातीचा बांध फुटला. “आई, पुरे झालं! इथे डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत. आज तरी तिला नात म्हण. एकदा तरी मला लेक म्हण!”

गुलसुमने बरणी छातीशी धरली. तिची नजर सातीच्या डोक्यावरून मागे गेली.

“हळू बोल,” ती कुजबुजली. “ऐकेल.”

साती वळली. लांबलचक कॉरिडॉर रिकामा होता. फरशीवर आईच्याच बुटांचे ओले ठसे. टोकाचं दार उघडलं, क्षणभर तसंच राहिलं, आणि आपोआप मिटलं. आत कोणी आलं नाही.

यंत्र वाजू लागलं. पाळी बदलून आलेली डॉक्टर लगबगीने पेटीकडे गेली. तिने मान वर करून विचारलं, “या बाळाची आई कोण?”

पेलिनने सातीकडे पाहिलं. ‘मी’ म्हणायला सातीने तोंड उघडलं. पण डॉक्टरच्या डोक्यावरून तिची नजर त्या मिटलेल्या दाराकडे गेली आणि तिथेच राहिली.

“आई इथे नाही,” दारापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली. “मी शेजारीण.”