सांता रीताचे पदक

"दोन्या दोमिंगा, या घडीला आपल्या यादीत कुणीतरी बाहेरून शिरलंय." संगणक सांभाळणाऱ्या नेरेयदाने पडद्यावर दिसणाऱ्या एका परक्या संगणकाच्या आकड्यावर बोट टेकवले.

तेगुसिगाल्पाच्या त्या घरात मारकुट्या नवऱ्यांपासून पळून आलेल्या बायकांना आसरा मिळे. कुणाला कुठे लपवले, ते सारे त्या यादीत होते. घर चालवणाऱ्या दोमिंगाबाई खुर्चीमागून पडद्यावर वाकल्या.

"चोलुतेका गावच्या मठातली सिस्टर असेल. तिला तिथूनच नावं भरता यावीत म्हणून मीच बाहेरची वाट उघडून घेतली."

"सिस्टर अंगणात बसून तिसरा कप कॉफी ढोसतेय. आणि वाट काय तिच्या एकटीपुरती उघडते? साऱ्या जगाला उघडलीत तुम्ही. पासवर्ड काय ठेवलात?"

"सांता रीता. पुढे तिच्या सणाची तारीख."

नेरेयदाने खुर्ची त्यांच्याकडे फिरवली. आलेल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात दोमिंगाबाई स्वतः सांता रीताचे, गांजलेल्या बायकांच्या त्या संतिणीचे, पदक घालत. त्यातल्या काही पुढे नवऱ्याकडे परतही जात, आणि मार खाऊन पुन्हा इथे येत.

"म्हणजे किल्ली तुम्हीच त्यांच्या गळ्यात बांधून पाठवलीत!"

"मग बोल मला. पण आधी बंद कर गं!"

नेरेयदाने एक ओळ बदलली. यापुढे यादीने फक्त याच संगणकाचे ऐकायचे, बाहेरच्या कुणाचे नाही. मग तिने यादी बंद करून पुन्हा सुरू केली. तो आकडा पडद्यावरून गेला.

"गेला?"

"गेला. आता या खुर्चीत बसल्याशिवाय कुणाला काही दिसायचं नाही."

दोमिंगाबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. नेरेयदा मात्र मागच्या नोंदी वाचत होती.

"सगळी यादी नाही बघितली त्यानं," ती हळूच म्हणाली. "एकच नाव शोधलं. सकाळी सहाला. पत्ता मिळालाय त्याला."

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून गेले होते.

"कुणाचं नाव?"

नेरेयदाने स्वयंपाकघराकडे पाहिले. आत, नवऱ्याकडून दुसऱ्यांदा पळून आलेली यामिलेत मक्याच्या तोर्तिया थापत होती. तिच्या तळव्यांचा आवाज येत होता.

दोमिंगाबाई आत गेल्या. झालेल्या तोर्तिया त्यांनी गरम गरमच फडक्यात बांधल्या.

"एवढ्या कुणाला, मावशी? पाहुणे येणारेत?" यामिलेतने हसून विचारले.

दोमिंगाबाईंनी तिच्या गळ्यातले पदक काढून मुठीत घेतले.

"हात धुऊ नकोस," त्या म्हणाल्या. "चपला घाल."