यांचे बूट

“काठपदराच्या साडीवर बूट? चार लोकांत बरं दिसतं का?” असं म्हणत यांनी, लेकीने संगीत महोत्सवासाठी मुद्दाम आणलेले माझे मऊ बूट दारातच काढायला लावले. स्वतः मात्र रेशमी झब्ब्याखाली स्पोर्ट्स शूज! मी उंच टाचांच्या सँडल चढवल्या. पार्किंगपासून मैदानापर्यंत दीड किलोमीटर नुसती खडी. हे दहा पावलं पुढे, आणि वर ओरडणं, “चल लवकर!”

बैठक जमिनीवर, चपला बाहेर. चोरीला जाऊ नयेत म्हणून यांची जुनी युक्ती: यांचा एक बूट आणि माझी एक सँडल डाव्या खांबाशी, उरलेलं एकेक उजव्या खांबाशी. असली विजोड जोडी कोण उचलणार? मग हे डोळे मिटून डोलू लागले. मी पायाला आलेला फोड पदराने झाकला.

“जा, चहा घेऊन ये,” हे म्हणाले. “तुला नाहीतरी गाण्यातलं काय कळतंय!”

लग्नाआधी सात वर्षं गाणं शिकलेली मी उठले. डाव्या खांबाशी यांचा एक बूट घातला, उजव्या खांबाशी दुसरा. दोन बोटं मोठे होते; नाड्या करकचून आवळल्या. चहा एकटीने प्यायले. यांचा फोन दोनदा आला, उचलला नाही. मागे उभं राहून भैरवीपर्यंत सगळं ऐकलं.

हे बाहेर आले ते माझ्या दोन्ही सँडल हातात घेऊन. “अगं, मी काय घालू?”

“त्याच घाला. झब्ब्यावर चार लोकांत छान दिसतील,” मी म्हणाले. दहा पावलं पुढे गेल्यावर, मागे न बघता ओरडले, “चला लवकर!”