मुकं लाकूड

“आई, हे काय वाजलं?”

लेकीने खोक्यात भरलेल्या कपबशा म्हातारी एकेक करून पुन्हा फडताळात मांडत होती. बाहेर लेकीने आणलेला टेम्पो उभा होता. ड्रायव्हरने तो रस्त्याच्या पलीकडे लावला होता आणि स्वतः त्याच्याही पलीकडे जाऊन उभा राहिला होता.

त्याचं काही चुकत नव्हतं. खाण बंद पडल्यापासून गाव खाली बसत चाललं होतं. पोटातला कोळसा काढून नेलेला, वर माणसं पोकळीवर नांदत होती. घरं अशी कलली होती की चहा ओतायचा तर कप किटलीच्या खाली नाही, शेजारी धरावा लागे. वरच्या आळीत कुणाच्या हातून कांदा निसटला तर तो चार घरं ओलांडून न्हाव्याच्या दुकानात जाई, आणि न्हावी तो परत देत नसे. पुढे न्हावीही गेला. एकेक करून सगळेच गेले. आता आळीत दिवा लागे तो याच एका घरात.

या घराचा मालक खाणीत टेकू लावायचा. खालचा कोळसा काढला की वरचं छत कोसळू बघतं. त्याला लाकडी खांबांनी तोलून धरायचं, हे त्याचं काम. गाव त्याला टेकूवालाच म्हणे. घराचे वासे वाकायला लागले तेव्हा त्याने बैठकीपासून मोरीपर्यंत टेकू ठोकले. आंघोळीला बसलं की एका खांबाला मिठी मारूनच पाणी अंगावर घ्यावं लागे.

लेक म्हणाली होती, लोखंडी लावू. टेकूवाला हसला होता.

“लोखंड मुकं असतं, पोरी. उभं आहे, उभं आहे म्हणता म्हणता एकदम जातं. लाकूड तसं नाही. मोडायच्या आधी बोलतं. पळायला वेळ देतं.”

खाणीत हाच कायदा होता. लाकूड कुरकुरलं की टेकूवाला ओरडे आणि हातातलं टाकून सगळे पळत. तो ओरडला नाही तोवर कुणी जागचं हलायचं नाही. हलला तो भित्रा. घरी बायकोसुद्धा त्याला धड जेवायला वाढत नसे. म्हाताऱ्याने घरालाही तोच कायदा लावला होता. लाकूड बोललं की त्या मिनिटाला निघायचं. नाही बोललं, तर कुणाचा बाप आला तरी नाही.

“पण तुम्हाला ऐकू येतं का, बाबा?” लेक ओरडली.

“माणसांचं नाही येत!” तो बैठकीतूनच तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडला. “लाकडाचं येतं!”

बहिरेपणाची त्या गावात कुणाला लाज नव्हती. दगड फोडणाऱ्या यंत्रांनी धड कान कुणाचे ठेवलेच नव्हते. इथली नवरा-बायकोची भांडणं शेजारच्या गावाला तोंडपाठ होती. एका पोराने पोरीच्या कानात लग्नाचं विचारलं, तर होकार पलीकडच्या गावातून आला.

तेवढ्यात पुन्हा वाजलं. या खेपेला लांबलचक, गंजलेली बिजागरी उघडावी तसं. मधल्या टेकूच्या डोक्यावरून मातीची धार लागली. टेकूवाल्याने माती पाहिली. मान तिरकी करून, श्वास रोखून त्याने छताकडे कान दिला. मग समाधानाने मांडी बदलली.

“माती काय, पडतच असते. अगं, लाकूड काही बोललं का?”

“नाही!” म्हातारी ओरडली. “गप्प आहे.”

लेकीने आईला दंडाला धरून मागच्या अंगणात ओढलं.

“खोटं का बोललीस? मी ऐकलं. तूही ऐकलंस.”

“केव्हापासून ऐकतेय मी. एक टेकू थांबला की दुसरा सुरू होतो.”

“मग सांग ना त्यांना! तू हो म्हटलंस तर चपला न घालता बाहेर येतील.”

“येतील.”

“ते नको, तर आजारी पड. सोंग कर, पण नीघ.”

“करून झालं. हे डॉक्टरलाच घरी घेऊन आले. तो उंबऱ्यातूनच गोळ्या फेकून पळाला.”

लेकीला हसू आलं नाही. तिला भाऊ आठवला. तो बापाच्याच टेकूंखाली कोळसा काढायचा. एक दिवस छत खाली आलं आणि तो तिथेच राहिला. चौकशीला साहेब लोक आले, तेव्हा टेकूवाल्याने एकच सांगितलं होतं, लाकूड बोललं नाही. हजारात एखादं मुकं निघतं, ते त्याच्या वाट्याला आलं. गावाने माना डोलावल्या. कुणी टेकूवाल्याला बोल लावला नाही. तोही मग कधीतरी जेवला, कधीतरी झोपला, आणि म्हातारा झाला.

“दादा गेला तेवढं पुरे नाही का?” लेक म्हणाली. “आता तुम्ही दोघंही तसेच जाणार?”

आत काहीतरी कडकन तडकलं. रस्त्यापलीकडून ड्रायव्हर हाका मारायला लागला. घरात टेकूवाला शीळ घालत बसला होता.

म्हातारीने लेकीचे डोळे तळहाताने पुसले.

“तू जा,” ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. “हे शीळ घालतायत, आणि मी जाऊन सांगू लाकूड बोललं म्हणून? मग दादाच्या वेळीही ते बोललं होतं, हे कळेल त्यांना. त्यानंतर त्यांना जिवंत बाहेर काढून मी काय करू?”