दोन बोटांची पारख

सभागृहाच्या दारात संस्थेच्या अध्यक्षा हेमलताबाईंनी शरयू केतकरांचा पदर मायेने हातात घेतला आणि अंगठ्याखाली हळूच चोळून पाहिला. सूत जाडंभरडं लागलं.

“वाढपी मागच्या दाराने येतात हो,” त्या म्हणाल्या.

शरयूताईंना किळस आली. त्यांनीच शोधलेली भिंगं आता प्रत्येकाच्या डोळ्यांत होती आणि त्यांतून गरिबाचे काय, श्रीमंताचे काय, सगळे कपडे सारखेच राखाडी दिसत. कपड्यांवरून माणूस जोखणं संपलं, म्हणून तर आज त्यांचा सत्कार होता. आणि या बयेने डोळ्यांचं काम बोटांवर सोपवलं होतं. असल्यांशी वाद घालणंही कमीपणाचं, म्हणून त्या मागच्या दाराकडे वळल्या.

नाव पुकारलं गेलं तेव्हा त्या स्वयंपाकघरातून थेट व्यासपीठावर आल्या. हेमलताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तरीही समतेवर चार वाक्यं बोलून त्यांनी पाहुण्यांच्या खांद्यावर शाल घातली.

टाळ्या वाजत होत्या. शरयूताईंनी शालीचं टोक नकळत दोन बोटांत धरलं आणि अंगठ्याखाली हळूच चोळलं.

पॉलिस्टर.

‘शेवटी लायकी दाखवलीच या बाईने,’ त्यांच्या मनात आलं.