नवऱ्याची बाजू

त्या ऑस्ट्रेलियन मालिकेत एका जोडप्याचं एकच भांडण दर भागात वेगळ्या माणसाच्या नजरेतून दिसायचं. चौथा भाग नवऱ्याचा होता. तो बघून आश्लेषानं श्रूजबरी गावातल्या मराठी लोकांच्या फेसबुक ग्रुपवर खोट्या नावानं लिहिलं, "त्याला काहीही सांगू दे, बायकोनं गुपचूप निघून जावं."

दुपारी त्याखाली कुणा निनावी माणसाचं उत्तर आलं. "नवऱ्याचंही ऐका ना यार. माझी बायको तांदळाच्या डब्यात दुसरा फोन लपवते. तिला वाटतं, मला माहीत नाही."

आश्लेषाच्या हातातल्या फोनला अजून तांदळाची भुकटी लागलेली होती.

वरच्या खोलीतली मीटिंग संपवून तिचा नवरा सिद्धेश जिना उतरत म्हणाला, "आशू, तू बस. आज भात मी लावतो."